मणिरत्नमचा 'ठग लाइफ' : आवडता दिग्दर्शक, न भिडलेला सिनेमा

(कथानकातल्या बऱ्याच गोष्टी खाली उघड झाल्या आहेत. चित्रपट बघायचा असेल तर आधी बघा, मग या.)

'ठग लाइफ' मी ५ जून २०२५ ला, म्हणजे पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या खेळाला पाहिला. रात्री घरी आल्यावर लिहायला बसले होते, पण जे उतरलं ते सगळं चिडून लिहिलेलं होतं, म्हणून पुसून टाकलं. पुढे ३ जुलैपासून तो नेटफ्लिक्सवर आला, तिथे शांतपणे पुन्हा पाहिला. राग आता गेलाय. काहीतरी टोचतंय ते मात्र तसंच आहे, आणि ते काय आहे हे मला तुमच्याशी बोलूनच कळेल असं वाटतं.

मणिरत्नमशी माझी ओळख बहुतेकांसारखी 'रोजा'ने झाली, हिंदीत डब केलेल्या. पण खरी ओळख करून दिली ती आमच्या शेजारच्या मामींनी. तमिळ कुटुंब, आमच्या भिंतीला त्यांची भिंत. मी 'दयावान' पाहिला होता आणि मला तो आवडला होता, हे त्यांच्या कानावर गेलं. एका दुपारी त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, "ते नंतरचं. आधीचं बघ." व्हिडिओ कॅसेट होती 'नायकन'ची, ज्यावरून 'दयावान' केला तो मणिरत्नमचा मूळ तमिळ चित्रपट. सबटायटल वगैरे काही नाही. मामी गवार निवडत शेजारी बसल्या आणि त्यांच्या मराठीत मला एकेक वाक्य सांगत गेल्या.

धारावी, तिथला वेलू नायकर म्हणजे कमल हासन, पोलिसातला केळकर, त्याचा मुलगा, पुढे नायकराचा जावई झालेला पाटील. नावं सगळी आपल्या ओळखीची आणि भाषा एक अक्षर न कळणारी. (ती धारावी मद्रासला सेट उभारून केलेली होती, कलादिग्दर्शक थोटा तरणींचं काम. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि तेव्हाही पटायला जड गेलं.) कोठ्यावर नीला नावाची शाळकरी मुलगी वेलूला सांगते की उद्या गणिताची परीक्षा आहे, मला जरा लवकर सोडाल का. एवढं वाक्य मामींनी सांगितलं आणि त्यांचा गवार मोडणारा हात थांबला. पुढे वेलूच्या मुलाचं प्रेत समोर येतं आणि कमल हासन रडतो. तो आवाज माणसाचा वाटत नाही, कुठूनतरी खोलवरून ओढून काढल्यासारखा येतो. मी विचारलं, "काय म्हणतोय?" मामी म्हणाल्या, "काही म्हणत नाही. बघ."

त्या दिवसापासून मणिरत्नमचे चित्रपट बघायची मला एक सवय लागली. आधी चेहरे बघायचे, खिडकीतून येणारा उजेड बघायचा, मग वेळ मिळाला तर खाली काय लिहिलंय ते वाचायचं. 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल'मध्ये अमुदा जन्मदात्या आईसमोर उभी राहते आणि तिच्या प्रश्नांची यादी वाचायला लागते, तेव्हा त्या मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघायचं की सबटायटलकडे? मी कागदाकडेच पाहिलं होतं आणि सगळं कळलं होतं.

'ठग लाइफ'च्या मध्यंतरात दिवे लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दीड तास पडद्याच्या खालच्या कडेला बघत होते. सतत वाचत होते. कारण वाचलं नाही तर काही कळत नव्हतं. कोण कोणावर संशय घेतोय, का घेतोय, किती दिवसांपासून घेतोय, हे सगळं बोलून सांगितलं जात होतं.

चांगलं काय, ते आधी सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. सुरुवात. १९९४ची जुनी दिल्ली, पोलिसांचा वेढा, गोळीबार. त्यात एका साध्या वृत्तपत्र विकणाऱ्याचा जीव जातो. त्याचा मुलगा अमरन बापाजवळ बसलेला, बहीण गर्दीत हरवलेली. टोळीचा म्होरक्या शक्तिवेल, म्हणजे कमल, त्या मुलाच्या आडोशाने वेढ्यातून निसटतो आणि नंतर त्याला सांगतो की तू मला यमाच्या हातून सोडवलंस, आता तुझं माझं नशीब एकच. तंत्राने तरुण केलेला कमल बघून मला दचकायला झालं नाही, उलट पोटात कालवाकालव झाली. तोच चेहरा, ३८ वर्षांपूर्वीचा, 'नायकन'मधला. आणि या प्रसंगात एक गोष्ट न बोलता ठेवलेली आहे : या माणसाने मुलाला वाचवलं, की वापरलं? मला वाटलं, आला, आमचा माणूस परत आला. आता पावणेतीन तास हा प्रश्न कुरतडत राहणार.

आणि मग पुढच्याच टप्प्यात अमरन मोठा झालेला दिसतो. सिलंबरसन, दाढी, रुबाब, शक्तिवेलचा उजवा हात. मधली सगळी वर्षं गाळलेली. त्या दोघांनी एका ताटात जेवलेलं मी पाहिलं नाही. त्या पोराला रात्री बाप आठवून रडू आलं तेव्हा शक्तिवेलने काय केलं, ते मला ठाऊक नाही. त्याला पहिल्यांदा हातात पिस्तूल कोणी दिलं, आणि देणाऱ्याचा हात थरथरला का? शक्तिवेल तुरुंगात जातो, कारभार अमरनकडे देतो, परत येतो, संशय, मत्सर, भावाची फूस, आणि शेवटी हिमालयातल्या बर्फात त्याला मारून टाकायचा प्रयत्न. दत्तक मुलगा बापाचा घात करतोय. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं.

हे मला फार लागलं, कारण हेच तर या माणसाचं बलस्थान. 'थलपती'त टाकून दिलेला मुलगा आणि टाकणारी आई देवळात एकाच वेळी असतात, दोघांनाही ठाऊक नाही. लांबून रेल्वेची शिट्टी येते. मालगाडीत सोडलेलं ते मूल होतं. शिट्टी ऐकून दोघांच्याही माना वळतात. बस. एक शब्द नाही. रजनीकांत आणि श्रीविद्या, दोन माना आणि छायालेखक संतोष सिवनचा उजेड. आई-मुलाचं नातं सांगायला त्याला तेव्हा एक शिट्टी पुरली, आणि इथे बाप-मुलाचं नातं सांगायला पावणेतीन तास आणि संवादांचा ढीग पुरला नाही.

बायकांबद्दलही बोलायलाच हवं. 'मौन रागम'मध्ये नवं लग्न झालेला नवरा बायकोला विचारतो, तुला काय घेऊ? ती म्हणते, घटस्फोट. १९८६ सालची ही नायिका. तीही दिल्लीच. त्याच दिल्लीत 'ठग लाइफ'मधली इंद्राणी शक्तिवेलने ठेवलेली बाई आहे आणि तो गेला असं समजल्यावर ती अमरनकडे जाते. का जाते, तिच्या मनात काय आहे, तिला राहायचं आहे की पळायचं आहे? त्रिशासारखी नटी हाताशी असताना हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. अभिरामीने केलेल्या जीवा या शक्तिवेलच्या बायकोला निदान घर आहे, नवऱ्याशी भांडायची जागा आहे, थट्टा आहे. कमल आणि अभिरामी एकत्र असतात ती काही मिनिटं मला जुन्या मणिरत्नमच्या घरात नेऊन सोडतात. म्हणून तर त्रास जास्त होतो. हात गेलेला नाही. येतंय त्याला अजून.

मला समीक्षा करायची नाही. विचारायचं एवढंच आहे की तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाचा चित्रपट तुम्हाला भिडला नाही तर तुम्ही काय करता? आणि 'ठग लाइफ' कोणाला मनापासून आवडला असेल तर प्लीज लिहा. मला काही दिसायचं राहून गेलं असेल तर ते बघायचंय.

जुनी कॅसेट

धागा काढल्याबद्दल धन्यवाद. देवळातल्या शिट्टीची आठवण काढलीत, त्याबद्दल वेगळे.

फक्त थोडं थांबा, असं म्हणेन. 'इरुवर' १९९७ मध्ये आला तेव्हा काय झालं होतं आठवतंय का? चालला नाही. लोकांना कळलाच नाही, लांबला म्हणाले, कोरडा आहे म्हणाले. प्रकाश राज आणि संतोष सिवन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी थिएटरं रिकामीच. आणि आज मणिरत्नमचा सर्वोत्तम चित्रपट कोणता विचारलं तर जाणकार आधी 'इरुवर' म्हणतात. मी स्वतः तो पहिल्यांदा अर्धा टाकून उठलो होतो. दहा वर्षांनी पाहिला आणि गच्चीतला तो दोघा मित्रांचा प्रसंग बघून रात्रभर झोप लागली नाही. या माणसाच्या बाबतीत निकाल लवकर देऊ नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय.

आगगाडी

लेखाशी बराचसा सहमत. पण तुम्ही संगीताला हातच लावला नाहीत.

मणिरत्नम-रहमान ही जोडी १९९२च्या 'रोजा'पासूनची, रहमानचा पहिलाच चित्रपट तो. ३३ वर्षांत एकही चित्रपट दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. 'ठग लाइफ'च्या आधी मी महिनाभर गाणी ऐकत होतो. 'मुत्त मळै' तर वेड लावणारं. तमिळ अल्बममध्ये ते धीने गायलंय, आणि चेन्नईच्या ध्वनिप्रकाशन सोहळ्यात तिच्या जागी चिन्मयीने रंगमंचावर गायलं. त्या एका रात्रीने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, दोन्ही आवाजांवरून लोक आठवडाभर वाद घालत होते. मी तिकीट काढलं त्यात निम्मं कारण हे गाणं होतं.

आणि ते चित्रपटात नाही! मी शेवटची नावं संपेपर्यंत बसून राहिलो होतो.

मणिरत्नमच्या चित्रपटात गाणं हे गोष्टीचं हाड असायचं. 'दिल से'चं आगगाडीवरचं गाणं काढा, नायकाच्या डोक्यातली नशा तुम्हाला दुसरीकडे कुठे दाखवता येणार? 'बॉम्बे'तलं पावसातलं, किल्ल्यावरचं गाणं काढा, ती मुलगी घर सोडून येईल हे कोणाला पटेल? गाणं हीच त्याची न बोलता सांगायची जागा होती. तुम्ही म्हणताय की बोलणं वाढलं. मला वाटतं, गाणी आक्रसली म्हणून बोलणं वाढलं. इंद्राणीच्या मनात काय आहे हे सांगायला कदाचित तेच गाणं होतं.

धागाकर्ती

@आगगाडी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच. 'अलैपायुदे' गाण्यांशिवाय आठवून पाहिला, तर नवराबायकोची भांडणं तेवढी उरतात.

@जुनी कॅसेट, 'इरुवर'चा मुद्दा मी गेले काही महिने स्वतःलाच सांगत होते. पण मला फरक वाटतो. 'इरुवर' लोकांना कळला नाही कारण तो फार थोडं सांगत होता. दोन मित्र, एक नट आणि एक कवी-नेता, त्यांच्यातली दरी कशी रुंदावली हे तो नुसतं कोण कुठे उभा आहे यातून दाखवत होता. दोघे एकत्र एका चौकटीत, मग एकाच चौकटीत पण लांब, मग वेगवेगळ्या. बघणाऱ्याला त्यात शिरायला वेळ लागला. 'ठग लाइफ'मध्ये शिरायला मला काही अडलंच नाही, सगळी दारं उघडी होती. आत गेल्यावर खोलीत सामान नव्हतं. मी चूक ठरले तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल, दहा वर्षांनी इथेच येऊन लिहीन.

निळी शाई

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बरीच लहान आहे असं दिसतंय. माझा पहिला मणिरत्नम 'ओके कण्मणी', २०१५. त्यामुळे थोडं वेगळं सांगते.

मला 'ठग लाइफ' तुमच्याइतका वाईट वाटला नाही. पहिला अर्धा भाग मला गुंतवून ठेवणारा वाटला. कमल हासनची चाल, त्याचं थकलेपण आणि त्यातून मध्येच बाहेर येणारा खोडकरपणा मला आवडला. जोजू जॉर्ज आवडला. महेश मांजरेकर दिसले तेव्हा बरं वाटलं. रवी के. चंद्रन यांचा कॅमेरा दिल्लीच्या गल्ल्यांत ज्या तऱ्हेने फिरतो ते मोठ्या पडद्यावर बघण्यासारखंच आहे. 'नायकन' मी पाहिलेला नाही, त्यामुळे डोक्यावर ते ओझं नव्हतं.

पण बर्फातून परत आल्यानंतरचा चित्रपट मलाही पटला नाही. मेला म्हणून सोडलेला माणूस परत येतो आणि एकेकाला गाठतो, हे मी शंभर वेळा पाहिलंय. त्यासाठी मणिरत्नम कशाला? आणि तुम्ही म्हणता त्या न बोलण्याबद्दल : 'ओके कण्मणी'त विसरायला लागलेली भवानी आजी पावसात कुठेतरी निघून जाते आणि गणपती अंकल आणि ती दोघं तरुण मुलं तिला शोधत फिरतात. लग्न नको म्हणणारी ती दोघं त्या पावसात काय शिकतात, ते कोणी बोलून दाखवत नाही. लीला सॅमसन आणि प्रकाश राज यांचे चेहरे पुरतात. म्हणजे २०१५ पर्यंत तरी हे होतं. तुम्ही 'जुना मणिरत्नम' म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकात जाता, तेवढं मागे जायची गरज नाही.

चौथी रांग

निळी शाई, 'नायकन' जरूर बघा. पण ओझ्याबद्दल एक सांगायचंय. ते ओझं प्रेक्षकांनी स्वतःहून डोक्यावर घेतलेलं नाही. 'नायकन'च्या नायकाचं नाव शक्तिवेल नायकर. या चित्रपटाची पहिली झलक आली त्यात कमल हासन काय सांगतो? माझं नाव रंगराय शक्तिवेल नायकर. तेव्हाच अंगावर काटा आला होता. त्यात नासर इथेही आहेत. 'नायकन'मधला पाटील, इथे शक्तिवेलचा थोरला भाऊ. हे सगळं दाखवून बोलावणं धाडलं, तर येणारा माणूस जुन्या घराची आठवण घेऊनच येणार.

आणि 'नायकन' मोठा का आहे? शेवटी नातू विचारतो, तुम्ही चांगले की वाईट? तो म्हणतो, ठाऊक नाही. अख्खा चित्रपट त्या 'ठाऊक नाही'वर उभा आहे. धागाकर्तीने म्हटलं तसं 'ठग लाइफ'ने पहिल्या पंधरा मिनिटांत तितकाच मोठा प्रश्न हातात दिला होता : मुलाला वाचवलं की वापरलं? त्याचं उत्तर अमरननेच मागायला हवं होतं, बापासमोर उभं राहून. तसा प्रसंग येतो तोवर दोघेही हातघाईवर आलेले असतात आणि प्रश्न हाणामारीत बुडून जातो.

पाऊलवाट

मला हा सगळा सूरच थोडा अन्यायाचा वाटतोय, स्पष्ट बोलते, राग नसावा.

मणिरत्नम चित्रपट यायच्या तीनच दिवस आधी ६९ वर्षांचे झाले. १९८३ पासून काम करतायत. 'पोन्नियिन सेल्वन'सारखी पाच खंडांची कादंबरी दोन चित्रपटांत बसवायचं काम त्यांनी साठी उलटल्यावर केलं, जे तमिळ सिनेमात कित्येकांनी मनात धरून सोडून दिलं होतं. आणि आपण काय म्हणतो, आम्हाला १९९१ सालची शिट्टी परत द्या. तुम्ही तेव्हा लहान होतात, शेजारी मामी होत्या, सुट्टीची दुपार होती. ते सगळं त्या चित्रपटाला चिकटलंय. आज थिएटरमध्ये एकटीने बसून पाहिलेल्या चित्रपटाची त्याच्याशी तुलना कशी करणार? कलाकाराला बदलायचा हक्क आहे की नाही?

धागाकर्ती

@पाऊलवाट, राग अजिबात नाही. मामींची दुपार त्या चित्रपटाला चिकटली आहे, हे कबूल. म्हणून तपासून बघायला मी गेल्या महिन्यात 'मौन रागम' आणि 'थलपती' पुन्हा पाहिले, एकटीने, रात्री, कामावरून दमून आल्यावर. कुठलीही दुपार नव्हती. 'थलपती'चा मध्यभाग मला आता लांबलेला वाटला, मारामाऱ्या जुन्या वाटल्या. पण सूर्याचा, म्हणजे रजनीकांतचा, जिवलग मित्र देवा याला जेव्हा कळतं की समोरचा कलेक्टर सूर्याचा सावत्र भाऊ आहे आणि हे माहीत असूनही सूर्या आपल्याच बाजूला उभा राहिला, तेव्हा मामुट्टीच्या चेहऱ्यावर जे होतं त्याने मला आजही रडवलं. ते आठवणीने रडवलं नाही. त्या मैत्रीला त्याने आधी दोन तास दिले होते, त्याने रडवलं.

बदलायचा हक्क पूर्ण आहे. 'रोजा' 'मौन रागम'सारखा नव्हता आणि 'इरुवर' 'रोजा'सारखा नव्हता. 'पोन्नियिन सेल्वन' तर कशासारखाच नव्हता आणि मी त्याचे दोन्ही भाग दोनदा पाहिले. माझी तक्रार तो बदलला अशी नाहीच. 'ठग लाइफ' मला बदललेला वाटला नाही, घाईत वाटला. नातं तोडायच्या आधी ते जोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ या चित्रपटाने दिला नाही.

पानशेत

घाईबद्दल लिहिलंत म्हणून. गुंडांच्या घराण्यातला वारसा कोणाकडे, हा विषय त्यांनी २०१८च्या 'चेक्क चिवंद वानम'मध्ये केला होता. प्रकाश राज बाप, तीन मुलं, त्यातला एक सिलंबरसनच. तिथेही कोणाचं बालपण दाखवलेलं नाही, तिथेही सगळे घाईत. तरी तो चित्रपट चालतो, कारण तिथे गोष्ट प्रेमाची नाहीच, संशयाची आहे. बापावर हल्ला कोणी केला? पहिल्या दृश्यापासून कोणीच कोणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून विश्वास उभा करून दाखवायची गरज पडत नाही. 'ठग लाइफ'ने तीच गती ठेवली आणि गोष्ट मात्र विश्वासाची निवडली. मला वाटतं गाडी तिथे घसरली.

संकलक श्रीकर प्रसाद 'अलैपायुदे'पासून त्यांच्याबरोबर आहेत. 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल'च्या संकलनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्या चित्रपटात कुठे थांबायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं, त्यामुळे कात्रीला दोष देणं मला जमत नाही. कथाच तशी लिहिली गेली असावी. कथा मणिरत्नम आणि कमल हासन दोघांची आहे. दोन मोठी माणसं एकत्र लिहायला बसली की कोण कोणाला 'हे नको' म्हणणार, हा माझा आपला अंदाज.

तुंगाकाठ

मी गेली बरीच वर्षं बेंगळुरात. आमच्याकडे चित्रपट लागलाच नाही. कन्नड तमिळमधून जन्मली, हे कमल हासनचं वक्तव्य, मग इथला विरोध, मग कोर्ट. प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला राज्याने संरक्षण दिलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये बजावलं, पण तोवर वेळ निघून गेली होती. मी शेवटी फोनवर पाहिला, त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

मला सगळ्यात वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. मणिरत्नमचा पहिला चित्रपट कन्नड आहे. 'पल्लवी अनुपल्लवी', १९८३, अनिल कपूर नायक, इळयराजांचं संगीत, बालू महेंद्रांचा कॅमेरा. त्याचं एक सुरेल गिटारवादन इथे आजही कुठेही वाजलं की माणसं मान हलवतात. बंगळुरूच्या थंड सकाळी त्याने ज्या मायेने टिपल्यात, तशा फार थोड्यांनी टिपल्या. त्या माणसाचा चित्रपट या राज्यात एकाही पडद्यावर लागू नये, याचं दुःख मला चित्रपट फसल्याच्या दुःखापेक्षा जास्त झालं.

जुनी कॅसेट

तुंगाकाठ, हे वाचून थांबलोच. आणि आपल्याशीही त्याचं नातं आहे, फारसं कोणी बोलत नाही. मणिरत्नम मुंबईत शिकले, जमनालाल बजाजमध्ये, व्यवस्थापन. १९७७ला पदवी घेतली. 'नायकन', 'बॉम्बे', 'गुरु', 'ओके कण्मणी' असा हा माणूस परत परत मुंबईत का येतो याचं उत्तर मला त्या दोन वर्षांत सापडतं. 'ओके कण्मणी'ची मुंबई तर विद्यार्थ्याने पाहिलेलीच आहे, पावसाळी, भाड्याच्या खोलीतली.

धागाकर्ती, एक राहिलं. मामींनी पाहिला का 'ठग लाइफ'?

धागाकर्ती

पाहिला. हे मी लिहिणार नव्हते, पण विचारलंत म्हणून.

मामी आता थकल्यात, मुलाकडे असतात. दोन रविवारांमागे गेले होते. टीव्हीवर लावून दिला. त्यांना सबटायटल दिसत नाहीत आणि लागतही नाहीत. सुरुवातीचा तो पोरगा बापाजवळ बसतो तिथे त्यांनी माझा हात धरला, आणि तो सोडला तो बऱ्याच वेळाने. नंतर त्या हळूहळू खुर्चीत मागे टेकल्या. मध्ये दोनदा मी सवयीने विचारलं, काय म्हणतोय? त्यांनी सांगितलं, सगळं सांगितलं, अडखळत पण पूर्ण. त्यांचा हात पुन्हा कुठे थांबला नाही. संपल्यावर काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

निघताना म्हणाल्या, ते गाणं कुठे होतं यात? नातीने ऐकवलं होतं त्यांना. मी फोनवर चिन्मयीचं लावलं, सोहळ्यातलं. त्यांनी फोन कानाशी धरला. मी विचारलं, मुत्त मळै म्हणजे काय हो? म्हणाल्या, "मुत्तम म्हणजे पापा. मळै म्हणजे पाऊस." मग जरा थांबून, "ती छोटी मुलगी होती ना, आईला प्रश्न विचारणारी, त्या पिक्चरच्या नावातही तेच. कन्नम म्हणजे गाल. गालावर पापा घेतला तर." चिन्मयीचं पहिलं गाणं त्याच चित्रपटातलं, २००२ सालचं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. गाणं संपेपर्यंत त्यांनी फोन परत दिला नाही.